श्वासातला होकार

मी एक जुनी जेबेना आहे. कॉफी उकळायची काळ्या मातीची सुरई म्हणा हवं तर. पोट मोठं, मान उंच आणि स्वभाव जरासा तापट. मित्रांनो, तिकडे मायदेशी, गोंदर गावच्या बाजारात अरेगाशबाईंनी मला बोटाने वाजवून, पारखून घेतलं. पुढे त्यांची लेक सेनाइत अमेरिकेला निघाली, तेव्हा पांढऱ्या शालीत गुंडाळून त्यांनी मला तिच्या हवाली केलं.

इथे माझे दिवस फिरले. सेनाइत विमानतळावर साफसफाई करी आणि उभ्याउभ्या कागदी पेल्यातली कॉफी घशाखाली ढकली. मी फ्रिजवर धूळ खात बसले. आमच्यात कॉफी एकट्याने पीत नाहीत. तीन फेऱ्या झाल्याशिवाय कुणी उठत नाही, आणि तिसरी फेरी आशीर्वादाची असते. मला फार वाईट वाटे.

मग सेनाइतने नागरिकत्वाचा अर्ज केला. ती नागरिक झाली तरच म्हाताऱ्या आईला कायमचं बोलावता येणार होतं. राज्यघटना, न्यायालय, सगळं तिने तोंडपाठ केलं, आणि तरीही ती मुलाखतीत नापास होऊन आली. आमच्या गावाकडचेच शेजारी वर्कूकाका विचारपूस करायला आले, म्हणून मला खाली काढलं.

“अगं, घोडं अडलं कुठे?”

“उत्तरं सगळी आली, काका. मग साहेबांनी विचारलं, शपथेचा अर्थ समजतो का. मी हो म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा हो म्हटलं. तर त्यांनी पाणी मागवलं.”

“म्हटलंस कसं? करून दाखव.”

सेनाइतने हलकेच श्वास आत ओढला. आमच्या मुलखात होकार असाच देतात, शब्दाची गरज पडत नाही.

काकांनी कपाळावर हात मारला. “त्याला वाटलं, बाईला धाप लागली. अर्थ कळत नाही असं लिहून मोकळा झाला असेल.”

या अर्जावर आणखी एकच संधी होती. त्या दिवसापासून मी रोज शेगडीवर चढले. काकांनी नियम केला: श्वास ओढलास, की तुझा कप माझा. आणि तिसरी, आशीर्वादाची फेरी तू पास झाल्यावरच.

“कायदे कोण करतं?”

“काँग्रेस.”

“आणि या घरात?”

“आई. फोनवरून.”

“मग आई आली की तुझं काही खरं नाही, बरं का?”

सेनाइतने श्वास ओढला, आणि कप गेला. तिचे कप पिऊन पिऊन काकांची झोप उडाली, पण त्यांनी नियम सोडला नाही. हळूहळू ती खणखणीत “हो” म्हणू लागली.

मुलाखतीच्या दिवशी मी रिकामी, जीव मुठीत धरून बसले होते. ती दारातून आली ती थेट कॉफी भाजायलाच बसली. त्या दिवशी तिने काकांसमोर तिसरी फेरी ओतली, तेव्हा मला धन्य वाटलं. मग तिने गोंदरला फोन लावला.

“झालं का गं तुझं?” अरेगाशबाईंनी विचारलं. “आता येऊ का मी?”

सेनाइतने फक्त श्वास आत ओढला. काकांनी तिचा कप उचलला नाही.

“बरं, बरं,” पलीकडून आवाज आला, “खांद्यावर शाल टाकते आणि निघतेच.”

मित्रांनो, नव्या गावाची रीत मनापासून शिका. पण आईला कळणारा होकार टाकून देऊ नका. आणि मातीच्या भांड्याला साबण लावू नका, आम्ही सगळं आत मुरवून ठेवतो.