झुंबरबाईकडचा झरोका

लोहगडवाडीच्या कोंडाजीची लेक ठकू नुकती चालायला लागली होती. पण पोरीचा एक खोकला बरा होतोय तोवर दुसरा लागायचा. छाती घरघरायची, अंग तापायचं.

शेजारी झुंबरबाई एकटीच राहायची. तिची दोन्ही पोरं मानमोडीच्या साथीत गेलेली. ठकूवर तिचा फार जीव. कोंडाजीच्या चुलीजवळच्या झरोक्यातून ती रोज हाक मारायची, "ठके, ए ठके!" आणि पोर खुदकन हसायची.

कोंडाजीच्या मनानं घेतलं, हिचीच नजर लागते. एका सकाळी त्यानं दगडमातीनं झरोका बुजवून टाकला. झुंबरबाई अंगणातच उभी होती.

"मावशी, सोताची खाल्लीस. आता माज्या पोरीवर डोळा नगं."

ती तोंडाला पदर लावून आत गेली.

खोकला काही थांबला नाही. पावसाळ्यात तर ठकूला धाप लागू लागली. शेवटी कोंडाजी आणि त्याची बायको सरू तिला मळवलीहून गाडीनं लोणावळ्याच्या दवाखान्यात घेऊन गेले.

डॉक्टरांनी छाती तपासली, औषध दिलं. मग विचारलं, "स्वयंपाक कुठं करता?"

"घरातच की. पोर आईपाशीच असती."

"आणि धूर कुठून बाहेर जातो?"

कोंडाजीनं सरूकडं पाहिलं.

"एक झरोका हुता," सरू म्हणाली. "ह्यांनी बुजवला."

"अहो, लेकरू आधीच चुलीच्या धुरात, त्यात तो कोंडला तर कोवळी छाती कशी टिकणार? म्हणून तर खोकला पुन्हा पुन्हा धरतो. का बुजवलात?"

बाकावरची माणसं बघायला लागली. कोंडाजीला पागोट्याखाली घाम फुटला.

"वारं लागंल म्हून," तो म्हणाला. सरूनं मान फिरवली.

घरी येताच त्यानं पहारीनं झरोका मोकळा केला. सरूनं पडवीत नवी चूल घातली. ती भाकऱ्या थापायची तेव्हा ठकू आतल्या सोप्यात खेळायची. भातं पिवळी पडेस्तोवर पोरीनं अंग धरलं. मधे एकदा नाक वाहिलं, तेवढंच.

मग एक दिवस कोंडाजी झुंबरबाईच्या दारात गेला. ती तांदूळ निवडत होती.

"मावशी, चुकलं माजं."

"पोर बरी हाय न्हवं?"

"व्हय."

"मग झालं." तिनं सुपातून मान वर केली नाही.

"येत जा की घरी."

"बगू."

ती आली नाही. सरूच ठकूला कडेवर घेऊन तिच्याकडं जाऊ लागली. कोंडाजी मात्र तिच्या दारावरून जायचं टाळायचा. शेतावर जाताना मागच्या बांधावरून फेरा घालायचा.