जीन्सची झोळी

“मावशी, काटा खोटं बोलतोय!”

“काटा खोटं बोलत नाही, पोरी. माणसं बोलतात. आधी तुझा तो लॅपटॉप तपास!”

ज्याच्यावरून ही जुंपली होती तो काटा म्हणजे मी. अंबरनाथला शिवमंदिराच्या मागच्या वस्तीत, आरोग्याचं काम करणाऱ्या संस्थेच्या एका खोलीत, छताच्या कडीला लटकलेला. पोरांची वजनं करतो. घड्याळासारखं गोल तोंड, त्यावर शंभर-शंभर ग्रॅमच्या रेघा, खाली एक हूक. हुकाला झोळी, झोळीत पोर. दोघी माझ्या दोन बाजूंना उभ्या राहून माझ्याबद्दल भांडत होत्या आणि मला कोणी विचारत नव्हतं. म्हणून आता मी बोलतोय, ऐका.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यातला. नाव पाठीवर छापलं होतं, ते घासून गेलं. तेवीस वर्षांपूर्वी खोक्यातून निघालो तो थेट कुंदाच्या हातात. कुंदा म्हणजे ही मावशी, सातवी शिकलेली. माझ्यासोबतचं माहितीपत्रक इंग्रजीत होतं. बाईनं शेजारच्या पोराची डिक्शनरी आणली आणि आठ दिवस एकेक शब्द शोधत बसली. नवव्या दिवशी संस्थेच्या साहेबालाच म्हणाली, “तुम्ही काटा उंच टांगलाय. आकडा डोळ्यासमोर आला पाहिजे. खाली घ्या.” साहेबानं निमूट घेतला.

तिचे नियम कडक. बाळ उघडं हवं. पायातले वाळे काढायचे. आईनं खालून हळूच हात लावायचा नाही, आणि आया लावतातच! एखादी आजी कानात सांगते, “वजन मोठ्यानं बोलू नका हो, नजर लागते.” कुंदा त्याहून हळू आवाजात सांगते, “नाही बोलत. पण वाळे काढा.” आणि रोज सकाळी पोराला हात लावायच्या आधी माझा मोकळा हूक बघायचा, सुई शून्यावर आहे ना. “बरोबर!” असं ती मलाच म्हणायची. त्या एका शब्दावर माझा दिवस जायचा.

पुढे तिच्याकडे शिकायला मुलं येऊ लागली. डॉक्टर झालेली, होणारी, संशोधन करणारी. पहिले तीन दिवस ती त्यांना वही उघडू द्यायची नाही. मला खांद्यावर टाकून घरोघर फिरवायची. “आधी बघ. मग विचार. मग लिही.” एका मुलानं सात किलो आठशेचे सरळ आठ लिहिले. कुंदानं विचारलं, “दोनशे ग्रॅम कुठे सांडलेस रे? नाल्यात? जा, उचलून आण.” तो बिचारा खरंच दाराकडे वळला होता.

पाच वर्षांपूर्वी माझी जुनी झोळी फाटली. पातळ सुती कापड होतं, अर्ध्या रेघेइतकंही वजन नव्हतं. नवी मागवली तर येईना. वस्तीतली भावना उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यात धागे कापते. तिनं तिथल्या कापडाचे तुकडे आणून दिले आणि कुंदानं एका दुपारी नवी झोळी शिवली. दुहेरी शिलाई, मागे शोभेचा खिसासुद्धा. बायका हसून हसून लोळल्या. “मावशी, आता पोरांना बेल्टपण लावा!”

मला ती पहिल्याच दिवशी जड लागली. पण रीत अशी होती, की मोकळा हूक शून्यावर बघायचा, मग पोराला आईच्या मांडीवरच झोळीत घालायचं आणि झोळीसकट टांगायचं. रिकामी झोळी माझ्या हुकाला कधी लागलीच नाही. कशाला लागेल? मी शून्यावर होतो. कुंदा “बरोबर!” म्हणत होती.

आता राजसीकडे या. बदलापूरच्या बेलवलीची मुलगी, डॉक्टर झालेली, पुढच्या शिक्षणासाठी पोरांच्या कुपोषणावर अभ्यास करणारी. सहा महिने कुंदाच्या मागे फिरली, मला खांद्यावर वागवलं, दोनदा डोक्यावर आपटून घेतलं. मग तिनं कुंदाची सगळी जुनी रजिस्टरं लॅपटॉपमध्ये भरली आणि एका दुपारी तिचा चेहरा बदलला.

“मावशी, हे बघा ना. दर महिन्याला नऊ-दहा मुलं तक्त्यातल्या लाल रेघेखाली, म्हणजे धोक्यात. आणि चार वर्षांपूर्वीच्या या महिन्यापासून एकदम दोन! एका महिन्यात असं काय झालं?”

“मी झाले,” कुंदा म्हणाली. “घरोघर नाचणीची लापशी शिजवून दाखवली. सत्कार काय उगाच केला माझा?” सत्काराची ती शाल अजून खुर्चीच्या पाठीवर असते.

“लापशीनं हळूहळू कमी होईल, मावशी. एका रात्रीत नाही होणार. काटा खोटं बोलतोय!”

आणि मग ती जुंपली, जिथून मी सुरुवात केली.

राजसी तरातरा वाण्याकडे गेली आणि किलोच्या मिठाच्या दोन पुड्या घेऊन आली. झोळीत टाकून टांगल्या. दोन किलो तीनशे. “बघा!”

कुंदानं पुड्या काढल्या, पातळ पिशवीत घातल्या आणि पिशवी थेट हुकाला लावली. बरोबर दोन किलो. “तूच बघ!”

दोघी माझ्या सुईकडे अशा बघत राहिल्या, जसं मी आता तोंड उघडणार आहे. राजसीनं हळूच झोळी उचलली, नुसती, रिकामी, आणि हुकाला लावली.

तीन रेघा. तीनशे ग्रॅम.

खोलीत भावना बसली होती, मांडीवर तिचा अकरा महिन्यांचा सोहम. त्याचं वजन सकाळीच लिहिलं होतं, सात किलो. पिवळ्या पट्ट्यात, म्हणजे लक्ष ठेवायचं एवढंच. राजसीनं तीनशे वजा केले. सहा किलो सातशे. लाल. म्हणजे आजच दवाखाना. भावनानं विचारलं, “काय झालं, मावशी?” कुंदानं सोहमला स्वतःच्या मांडीवर घेतलं.

राजसी तिच्याजवळ खाली बसली. आवाज अगदी लहान केला. “मावशी, या झोळीतल्या सगळ्या आकड्यांतून तीनशे वजा करते मी. जी मुलं निसटली ती शोधू. आणि थिसिसमध्ये एकच ओळ टाकते, काट्यात दोष होता. तुमचं नाव कशाला मध्ये? चाळीस वर्षं काम केलंय तुम्ही.”

पोरीचं मन चांगलं होतं. पण दोष कोणाच्या गळ्यात बांधत होती? माझ्या! बावीस वर्षं मी एक रेघ इकडची तिकडे केली नव्हती. आणि कुंदाला नुसती मान हलवायची होती, बस्स.

त्या दिवसाला वर्ष झालं. सोहम त्याच संध्याकाळी दवाखान्यात गेला. आता झोळीत बसायला तयार नसतो, लाथा मारतो. आणखी सहा मुलं घरोघर जाऊन शोधली. वस्तीत आता सुईऐवजी पडद्यावर आकडे उमटणारा नवा काटा आलाय. मी खोलीतच असतो, नवीन शिकणाऱ्यांसाठी. जीन्सची झोळीही इथेच आहे. पहिल्या दिवशी ती रिकामी माझ्या हुकाला लागते, सुई तीन रेघा सरकते आणि नवी पोरं विचारतात, “हे काय?” तो प्रश्न मला फार आवडतो. बाळांनो, माझं एवढंच मागणं आहे. ज्याला रोज “बरोबर!” म्हणता, ते एकदा रिकामं टांगून बघत जा.

तर त्या दुपारी कुंदानं शालीकडे बघितलं, सोहमकडे बघितलं, मग बराच वेळ माझ्याकडे. आणि राजसीला म्हणाली, “काट्यावर ढकलू नकोस, लिही: काटा बरोबर होता, झोळी कुंदानं शिवली आणि चार वर्षांत एकदाही रिकामी टांगून बघितली नाही.”