करंगळीपुरती जागा

मित्रांनो, मी एक जुनी मोटारगाडी आहे. जुनी म्हणजे भंगार नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. माझे दिवे लागतात, हॉर्न वाजतो आणि चढावर मी थोडी कुरकुर करते, पण चढते. कुरकुर कोण करत नाही? माझा रंग कोणता, हे मात्र मला नक्की सांगता येणार नाही, कारण आमच्या घरात त्यावर कधी एकमत झालेले नाही. कागदोपत्री मी निळी आहे. मालकही मला निळीच म्हणत. मालकीणबाई मात्र पहिल्या दिवसापासून म्हणत आल्या, "हिरवी आहे हो ती. डोळे तपासून घ्या." मालकांचे सारे पोट रंगावर चालायचे. त्यांना डोळे तपासायला सांगण्याची हिंमत या एकाच बाईत होती.

कारखान्यात मला रंग दिला, तो दिवस अजून आठवतो. आधी अस्तर चढले, मग रंग, मग त्यावर चकाकीचा एक पारदर्शक थर. शेवटी एका कामगार बाईने माझ्या दारावरून हात फिरवला आणि म्हणाली, "जाऊ दे पुढे." तेवढ्या शिफारशीवर मी जगात आले.

माझे मालक दुकानांच्या पाट्या रंगवायचे. सगळी पेठ त्यांना पेंटर म्हणे. माझ्या टपावर शिडी, डिकीत रंगाचे डबे आणि ब्रशांची एक पत्र्याची पेटी, असा आमचा संसार गावभर हिंडायचा. न्हाव्याची पाटी, दातांच्या डॉक्टरांची पाटी, बेकरीची पाटी. पाटी लहान असली की ती माझ्या बॉनेटवर ठेवून ते तिथेच अक्षरे काढत. उजव्या हाताची करंगळी पाटीवर टेकवायची आणि उरलेल्या बोटांनी ब्रश ओढायचा. "करंगळी टेकली की हात आपला," असे स्वतःशी म्हणत ते काहीतरी गुणगुणायचे. गाण्याला ना शेंडा ना बुडखा, पण मला ते फार आवडे.

काम म्हटले की खरचटणे आलेच. शिडीने माझ्या टपाची कड सोलली, फाटकाने दाराचे टवके काढले, आणि रस्त्यावरच्या खड्यांनी बॉनेटवर जागोजागी आपली सही केली. पण मी कधी तक्रार केली नाही, कारण मालक टवका राहूच देत नसत. "रंगाऱ्याच्या गाडीचे पोपडे निघाले, तर लोक पाटी कशाला देतील?" असे म्हणून त्याच दिवशी ते त्यावर रंग लावून टाकत. म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो, असे तुम्ही म्हणता ना? आम्हा गाड्यांचेही तसेच आहे. टवका उडाल्याचे दुःख नसते, गंज सोकावतो.

मग मालक आजारी पडले. आजार गेला, पण जाताना उजव्या हातात थरथर ठेवून गेला. शर्टाची बटणे लावतानाही हात ऐकेनासा झाला. एकदा त्यांनी माझ्या बॉनेटवर कागद पसरून एक अक्षर काढून पाहिले. अक्षर ओढता ओढता रेघ अशी काही वळवळली की त्यांनी कागद चुरगळला, ब्रश पेटीत टाकला आणि पेटी डिकीत ठेवून झाकण आपटले. त्यानंतर ते व्हरांड्यातल्या खुर्चीत बसू लागले. त्यांची मुलगी मला आपल्या नोकरीवर नेऊ लागली. गुणगुणणे बंद झाले.

एके दिवशी मालकीणबाई मुद्दाम माझ्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "अहो, उन्हात बघा, कशी हिरवीगार दिसते." त्यांना भांडण हवे होते. मालकांनी मानही वर केली नाही. "असेल," एवढेच म्हणाले.

मित्रांनो, त्या एका 'असेल'ने मला गंजापेक्षा जास्त पोखरले. मालकीणबाई आत गेल्या. ज्या माणसाने उभ्या जन्मात मला हिरवी मानले नाही, त्याला आता मी निळी असले काय आणि काळी असले काय, सारखेच झाले होते. हा माणूस त्या खुर्चीतच राहणार का, याचीच भीती घरात सगळ्यांना होती आणि मलाही होती.

इकडे माझ्या दारावरचा एक नवा, न बुजवलेला टवका गंजून लाल होऊ लागला. "गंज पत्र्याच्या आत गेला तर दारच बदलावं लागेल," असे गॅरेजवाल्याने सांगितल्यावर मुलीने मनावर घेतले. सुटीच्या दिवशी सकाळी ती कागदावरचा रंगाचा नंबर दाखवून एक छोटी बाटली घेऊन आली. मुलगी गुणाची आहे, पण वडिलांची कला तिच्या हातात काही उतरलेली नाही.

"धुतलीस का आधी?" खुर्चीतून आवाज आला.

"धुतली, बाबा."

"गंज घासलास?"

"थोडासा."

"थोडासा म्हणजे काय? आणि अस्तर?"

तोवर तिने बाटलीतला ब्रश बुडवून भलामोठा थेंब दारावर टेकवलासुद्धा होता. थेंब क्षणभर थांबला आणि सरळ खाली ओघळला.

"अगं, रडवलीस की तू गाडीला!" मालक खुर्चीतून अर्धे उठले.

मालकीणबाई दारातच उभ्या होत्या. "उंटावरून शेळ्या कशाला हाकताय? उतरा की खाली."

मालकांनी आपल्या हाताकडे पाहिले आणि तो खिशात घातला. "माझ्या हाताचं माहीत आहे ना तुला?" ते हळूच म्हणाले.

मुलगी म्हणाली, "बाबा, अक्षर कुठे काढायचंय? अक्षर ओढावं लागतं. हा तर ठिपका आहे, नुसता ठेवायचा."

मालक पायऱ्या उतरून आले. आधी त्यांनी तो ओघळ थिनरच्या फडक्याने पुसला. मग बारीक पॉलिश पेपर घेऊन गंज घासला, थोडासा नव्हे, खालचा पत्रा लखलखेपर्यंत. घासताना हात थरथरला तरी बिघडत नाही, हे त्यांच्याही लक्षात आले असावे. मुलीकडून त्यांनी टवक्यात अस्तर लावून घेतले. ते सुकेपर्यंत बाटलीतला रंग एका कागदावर टिपला, तो माझ्या दाराशी धरला आणि मान हलवली.

"हा कारखान्यातून निघालेल्या गाडीचा रंग आहे. आपल्या गाडीनं ऊन खाल्लंय. ह्यात एक थेंब पिवळा लागेल. पाटीचा नको, गाडीचाच आण."

मालकीणबाईंचे डोळे चमकले. "निळ्यात पिवळा घातला की काय होतं हो?"

मालकांनी त्यांच्याकडे पाहिले. "तुला माहीत आहे काय होतं ते."

"मला कुठलं माहीत? मी काय पेंटर आहे?"

"हिरवा होतो, हिरवा!" मालक म्हणाले आणि खळखळून हसले. इतक्या वर्षांचा खटला असा माझ्या दारातच निकाली निघाला. मालकीणबाई जिंकल्या, पण पदर डोळ्यांना लावून आत गेल्या.

मुलगी दुकानातून पिवळा घेऊन आली, रंग मिसळला गेला, आणि डिकीतली पेटी कितीतरी दिवसांनी उघडली. मालकांनी सगळ्यात बारीक ब्रश, झिरो नंबरचा, निवडला. तो माझ्या दाराशी आणला, पण टोक वाऱ्यावर हलावे तसे हलत होते. एकदा चुकले. दुसऱ्यांदा चुकले. आता हे ब्रश टाकतात की काय, असे मला वाटले.

तेवढ्यात त्यांची करंगळी सवयीने पुढे आली आणि माझ्या दारावर टेकली.

मित्रांनो, मी आयुष्यभर पळण्यात धन्यता मानली. कुणी माझ्या वेगाचे कौतुक केले की मी फुगायची. पण त्या क्षणी मला वाटले, बरे झाले आपण लोखंडाचे आहोत आणि बरे झाले आपल्याला गप्प उभे राहता येते. मी जागची हलले नाही. करंगळीतून ती थरथर माझ्या पत्र्यात उतरत होती, थोडी थोडी, आणि ब्रशाचे टोक शांत होत गेले. ठिपका टवक्यात बरोबर बसला. तो सुकल्यावर दुसरा पातळ हात, मग तिसरा. घाई नाही. दारानंतर बॉनेट झाले, बॉनेटनंतर टपाची कड.

हात बरा झाला नाही. अक्षरे अजून वळवळतात, आणि नव्या पाट्या काही आल्या नाहीत. पण शेजारी आता आपल्या गाड्यांचे टवके घेऊन आमच्या फाटकाशी येतात, आणि खुर्ची बराच वेळ रिकामी असते.

बॉनेटवरचा एक ठिपका जरा जास्तच हिरवा झाला आहे. मुलीने तो दाखवला तेव्हा मालक म्हणाले, "राहू दे. गालबोट आहे ते." आणि गुणगुणत ब्रश धुवायला गेले. मी तो ठिपका मोठ्या मानाने मिरवते.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूचा टवका उडाला, तर तो लहान असतानाच बुजवा, गंजाला आत शिरू देऊ नका. आणि घरात कुणाचा हात थरथरताना दिसला, तर मायेपोटीसुद्धा त्या हातातला ब्रश काढून घेऊ नका. फक्त जवळ जाऊन गप्प उभे राहा, आणि करंगळी टेकवायला थोडी जागा द्या.