नेढ्याच्या डाव्या अंगाला

"भाऊ, फोटू न्यायला आले मी."

बद्रीनाथ पासपोर्टचे फोटो कापत बसला होता. मान वर न करताच त्यानं हात पुढे केला. "पावती?"

"पावती न्हाई. धावड्याहून आले. मल्हारीची मंडळी मी, आसराबाई. तुमच्यासंगं नेढ्याखाली यायचे न, त्यांची."

बद्रीनाथची कात्री थांबली. समोर पन्नाशीची बाई, कपाळ मोकळं, काखेत भाकरीचं गठुडं. पहाटेच्या एसटीनं निघून भोकरदनला गाडी बदलून आली असणार. मोकळं कपाळ बघूनच तो काय ते उमगला, तरी तोंडातून गेलंच, "मल्हारी...?"

"गेले. पोळ्याच्या आधी. कावीळ झाल्ती."

बद्रीनाथनं तिला स्टुलावर बसवलं, माठातलं पाणी दिलं. जुन्या जालन्यातल्या त्या गल्लीत एका बाजूला धान्याची आडत, दुसऱ्या बाजूला कापडाचं दुकान, आणि मधे बोळकांडीएवढा त्याचा स्टुडिओ. पण नाव मोठं! नेढेवाला बद्रीनाथ म्हटलं की अख्खा बाजार ओळखायचा. धावड्याच्या वरच्या डोंगरात वाऱ्यापावसानं एक कडा आरपार कोरलाय. त्या दगडी कमानीला लोक नेढं म्हणतात. मार्गशीर्षात चार-पाच दिवस सूर्य बरोबर त्या नेढ्यातून वर येतो. त्याचा फोटो बद्रीनाथनं ब्याऐंशी साली काढला आणि एका व्यापाऱ्यानं तो कॅलेंडरवर छापला. घरोघरी लागला तो. मोठा करून चौकटीत बसवलेला तोच फोटो स्टुडिओच्या भिंतीवर होता, आणि आसराबाई पाणी पिता पिता त्याच्याकडेच बघत होती.

"ह्योच का तो?" ती उठून जवळ गेली. डोळे बारीक करून तिनं फोटो खालून वर, वरून खाली न्याहाळला. "ह्यात कुठं हायेत ते? म्हणायचे, मी डाव्या अंगाला उभा हाये. डाव्या अंगाला तं चौकट हाये, भाऊ."

बद्रीनाथ रिकामा पेला माठावर ठेवायला वळला.

खोटं कशाला बोला, मेंढरं राखणाऱ्या मल्हारीशिवाय तो फोटो निघालाच नसता. कॅमेऱ्यात बघून नेम धरायला उजेड लागतो, आणि सूर्य वर यायच्या आधी तिथं असतो मिट्ट काळोख. मग मल्हारी नेढ्याच्या डाव्या पायथ्याशी जाऊन काडी ओढायचा. त्या ज्योतीवर बद्रीनाथ नेम बसवायचा आणि ओरडायचा, "बराबर! आता हलू नको!" काडी विझायची, मल्हारी मात्र काठी टेकून तसाच उभा राहायचा. त्याला वाटायचं, फोटो आपलाच निघतोय. पहिल्या वर्षी बद्रीनाथला तरी काय, वाटलं, राहू दे, माणसामुळं नेढं केवढं मोठं ते कळतं. पण कॅमेऱ्याची निगेटिव्ह चौरस आणि कॅलेंडर उभं. कुठलीतरी बाजू छाटणं भाग होतं. व्यापारी म्हणाला, "माणूस काढा हो, देखावा पायजे." काढला. अशी नऊ वर्षं तेच चाललं. मल्हारीनं काडी ओढायची, हलायचं नाही, आणि इकडं फोटो धुवायच्या काळ्या खोलीत बद्रीनाथनं त्याला छाटायचं. "आला का माझा फोटू, बद्रीभाऊ?" असं तो दरवर्षी विचारायचा. आणि बद्रीनाथ दरवर्षी सांगायचा, "पुढच्या खेपेला आणतो."

नव्वदनंतर लग्नांच्या व्हिडिओचं काम वाढलं आणि बद्रीनाथचं तिकडं जाणंच सुटलं. आता सहा वर्षं झाली.

"दुसरा एखादा फोटो असेल की घरात. लग्नातला?" त्यानं विचारून बघितलं.

"कुठला आलाय! इलेक्शनच्या कार्डाचे फोटू निघाले तवा बी हे मेंढरामागं गेल्ते. चांदीचा टाक करून बसवलाय देवात, आमच्यात मेलेल्या माणसाचा बसवतेत. पण सोनाराकडं ठसा एकच. माझ्या सासऱ्याच्या टाकाचं तोंड अन् ह्यांचं, सारखंच. पोरीला बाळ झालंय, ते मोठं झाल्यावर आजा दाखव म्हणंल, मंग कोण दाखवू?" तिनं चौकटीकडे पुन्हा एकदा बघितलं. "म्हणलं, जालन्याला हायेच फोटू. घेऊन येते."

बद्रीनाथ बोलायला गेला आणि सवयीनं तेच बाहेर आलं. "पुढच्या खेपेला..."

"ते बी हेच सांगायचे," आसराबाई म्हणाली. "भाऊ पुढच्या खेपेला आणतेत म्हणून."

त्या म्हणण्यात राग नव्हता, आणि तेच त्याला सोसवेना. तो उठला, कपाटातनं जुन्या फोटोंचा डबा काढला, आणि एक चौकोनी छोटा नमुना तिच्यासमोर ठेवला. त्यावर काळ्या पुठ्ठ्याच्या दोन काटकोनी पट्ट्या ठेवल्या. कुठून कापायचं ते ठरवायच्या पट्ट्या त्या. डावीकडची पट्टी त्यानं सरकवली.

"आसराबाई, हे असं केलं मी. ह्या पट्टीखाली मल्हारी आहे, मुंगीएवढा. दरसाल मी त्याला कापून टाकला."

तिनं पट्टीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "माणूस कापला अन् डोंगर ठेवला व्हय?"

"व्हय."

बाहेर आडतीवर हमाल पोती फेकत होते.

"जाऊ द्या," शेवटी तीच म्हणाली. "हाये न पण त्यात? मंग काढून द्या. बसते मी."

बद्रीनाथ काळ्या खोलीत शिरला. नऊ वर्षांच्या निगेटिव्ह त्यानं एकेक करून दिव्यासमोर धरल्या. त्याला जे भय होतं तेच झालं. सूर्य समोर, माणूस त्याच्या पुढ्यात. सगळा उजेड सूर्याला दिलेला. निगेटिव्हवर मल्हारी होता तिथं काचेसारखी कोरी जागा होती. नाक नाही, डोळे नाहीत, मिशी नाही. तरी तो हटला नाही. कागदावर उजेड टाकताना तोंडाच्या जागी हाताची सावली धरून बघितली, एकदा, दोनदा, पाचदा. तोंड काळ्याचं राखाडी झालं, एवढंच. जे निगेटिव्हवर आलंच नाही ते कुठून काढायचं? नऊ वर्षांत एकदा, फक्त एकदा, सूर्य वर आल्यावर दहा पावलं पुढं जाऊन "इकडं बघ" म्हटलं असतं तर! रोलमधे फोटोही शिल्लक असायचे, आणि ते तो परतताना झाडापाखरांवर उडवायचा. बद्रीनाथला त्या लाल उजेडात रडू आलं, आणि कितीतरी वर्षांनी आलं म्हणून ते त्याला नीट आवरताही येईना.

अखेर त्यानं त्यातल्या त्यात बरी निगेटिव्ह घेऊन पुरा चौकोन कागदावर उतरवला, काहीही न छाटता. वाळवून बाहेर आणला तेव्हा दुपार टळली होती. आसराबाईनं भाकरी खाऊन घेतली होती, आणि अर्धी त्याच्यासाठी फडक्यात ठेवली होती.

"तोंड नाही आलं," तो म्हणाला. "लई केलं, पण आलं न्हाई. काळाच आहे नुसता."

तिनं फोटो दोन्ही हातांनी धरून उंबऱ्याच्या उजेडात नेला. मधे भलं मोठं नेढं, त्यात निम्मा सूर्य, आणि डाव्या अंगाला बोटभर काळा माणूस. काठी काखेत, एक पाय दुमडून दुसऱ्या पायाला लावलेला, डोक्याला भलंथोरलं पागोटं.

"हेच की!" तिचा आवाज एकदम चढला आणि फाटला. "बिलकुल हेच. असंच उभे राह्यायचे, बगळ्यावानी. मी हसायचे त्यांना." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळून फोटोवरची नसलेली धूळ पुसली. "टाकावर तोंड हाये, पण ते ह्यांचं न्हाई. हितं तोंड न्हाई, तरी हेच हायेत."

मग ती पागोट्यावर बोट ठेवून हसली. "हे बघा. आदल्या दिशी धुवायचे. मी म्हणायची, मेंढरामागं चाललात का सोयऱ्याघरी? तं म्हणायचे, जालन्यात भिंतीला माझा फोटू लागायचाय, मळका पटका बरा दिसंल का?"

धुतलेला तो पटका फोटोत काळाभोर दिसत होता.

तिनं फोटो वर्तमानपत्रात गुंडाळला, गठुड्यात सपाट ठेवला. "येते भाऊ. भाकर खाऊन घ्या, ठेचा हाये तिच्यात." आणि स्टँडच्या रोखानं झपाझप चालू लागली. चारची गाडी चुकली असती तर धावडं गाठलं नसतं.

बद्रीनाथ आत आला. भिंतीवरच्या चौकटीपुढं उभा राहिला. सगळा चौकोन लावला असता तर मल्हारी कुठं आला असता, हे त्याच्या नजरेला पट्टीशिवाय कळत होतं. चौकटीच्या डाव्या कडेच्या बाहेर चार बोटं. त्या जागी त्यानं तळवा टेकवला. भिंत थंड होती, हाताला चुना लागला.

"पासपोर्ट काढायचाय, जल्दी होईल का?" दारातून कोणीतरी विचारलं.

"थांबा जरा," तो म्हणाला. भिंतीवरचा हात त्यानं काढला नाही.