वाडीनं ऐकलं होतं

विनोदला वाडीत कुणी नावं ठेवत नसे. पोलादपूरच्या वर डोंगरावर वसलेल्या त्या मोजक्या घरांत नळाचं पाणी आलं, ते त्याच्याच खटपटीनं. महाडच्या औद्योगिक वसाहतीत तो सुपरवायझर होता आणि वाडीतली बरीच पोरं त्यानंच कामाला लावली होती. शेजारच्या चंद्रभागेचा चांगू त्यांतलाच. बायको काविळीनं गेल्यावर विनोदनं दुसरं लग्न केलं नाही. आठ वर्षांच्या ज्योतीला एकटा सांभाळतो, म्हणून बायका त्याचं कौतुक करत.

त्याच्या घरातून रडणं ऐकू येई. "पोर हट्टी हाय," असं म्हणून जो तो आपल्या कामाला लागे.

एका सकाळी चंद्रभागेनं ज्योतीला वेणी घालायला बसवलं. केस वर उचलले, तर मानेपासून खाली पाठीवर वळ दिसले. काही जुने, काही ताजे.

"हे काय गो?"

"पडले. दगडावर."

दगडावर पडून पाठीवर पट्ट्याच्या बकलाचा ठसा उमटत नाही. चंद्रभागेनं पुढं विचारलं नाही. वेणी घालून दिली.

तिनं चांगूला सांगितलं. तो जेवता जेवता थांबला.

"आये, त्याच्या घरातलं हाय ते. तू त्यात पडू नको. त्यानं उद्या मला कामावरून काढलं तर?"

मग ती वाडीतल्या जाणत्या रायबाकडे गेली. रायबा म्हणाला, "पोलिसापर्यंत कशाला न्यायचं? मी समजावतो त्याला."

त्यानं खरंच समजावलं. विनोदनं मान खाली घालून ऐकून घेतलं. पण दुसऱ्या दिवशी ज्योती शाळेला निघाली ती डावा हात पोटाशी धरून. कुणाला काय सांगितलंस, असं विचारत बापानं तो पिरगळला होता. हे तिनं चंद्रभागेला शाळेच्या वाटेवर सांगितलं, तेही न रडता.

चंद्रभागा तिला तशीच धरून वैदेहीबाईंकडे घेऊन गेली. वैदेहीबाई महाडहून रोज ये-जा करणाऱ्या शिक्षिका.

"मलाही संशय होता," बाई म्हणाल्या. "खात्री झाल्याशिवाय कसं बोलायचं, म्हणून थांबले होते. पण चौकशी करायला माणसं आहेत, काकू. आपण कळवायला हवं. तुम्ही पाहिलंय, माझ्याबरोबर याल?"

चंद्रभागेला चांगू आठवला.

"चला," ती म्हणाली.

विनोद कामावर होता. दोघी ज्योतीला जीपनं पोलादपूरच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. हाताचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी पाठ तपासली आणि पोलीस ठाण्याला फोन लावला.

संध्याकाळी हवालदार वाडीवर आले. देवळापुढं माणसं जमली. आधी कुणी काही ऐकलं होतं का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा रायबासकट सगळ्यांनी माना खाली घातल्या. शेवटी म्हातारी विठाबाई काठी टेकत पुढं आली.

"मी ऐकलंय. सगळ्यांनीच ऐकलंय. आता तरी खोटं कशाला बोलायचं?"

मग रायबा पुढं झाला आणि आपण विनोदला समजवायला गेलो होतो, ते त्यानं सांगितलं. त्यामागून आणखी दोघी बोलल्या.

विनोद मोटारसायकलवरून आला, तेव्हा पोलिसांची जीप उभीच होती. "मी तिला वळण लावत होतो," तो म्हणत राहिला. "आई नाय तिला." जीपमध्ये बसताना तो रडला. चंद्रभागेला त्याची कीव आली, आणि तरीही जे केलं ते केलंच पाहिजे होतं, हेही तिला ठाऊक होतं.

बालकल्याण समितीनं ज्योतीला शिवथरच्या मामाकडे, श्रीपतकडे ठेवलं. विनोद जामिनावर सुटला, खटला चालू राहिला. चांगूची नोकरी गेली नाही, पण तो महाडलाच खोली घेऊन राहिला. थेट शिमग्याला घरी आला, आईशी मोजकंच बोलून परत गेला. देवळापुढं काही बायका चंद्रभागेला टाळत. विठाबाई मात्र मुद्दाम तिच्या ओटीवर येऊन बसे.

उन्हाळ्यात चंद्रभागा शिवथरला गेली. ज्योतीचा हात सांधला होता, अंगही भरलं होतं. पण ती जवळ आली नाही. दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

"काकू," तिनं विचारलं, "बाबांना भाकरी कोण करून देतं?"

"त्यांची ते करतात, बाय."

"करपवत असतील."

चंद्रभागेनं जवळची जागा पदरानं झाडली. मग ज्योती हळूच येऊन तिच्या शेजारी बसली.