पांढरा ठिपका

तडा केसाइतका बारीक होता. निळ्या मण्यावरच्या पांढऱ्या ठिपक्यापाशी तो सुरू होई, ठिपक्याच्या कडेने अर्धं वळण घेई आणि मण्याच्या भोकाशी येऊन संपे. वहिनींनी मणी भिंगाखाली फिरवला, पट्टीला लावून मोजला आणि वहीत लिहिलं: चार मिलिमीटर. काल संध्याकाळी याच भिंगाखाली हाच मणी अखंड होता.

महिन्यातला हा अकरावा.

औषधांच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं नमुने तपासून निवृत्त झाल्यावर वहिनींनी काचेचे मणी करायला घेतले होते. मागच्या खोलीत टेबल, गॅसचा बर्नर, मातीचा लेप दिलेल्या पोलादी सळया आणि बरणीत उभ्या केलेल्या रंगीत काचेच्या कांड्या. कांडीचं टोक ज्योतीत मधासारखं सैल झालं की ते सळईवर गुंडाळायचं, वर ठिपका द्यायचा आणि मणी गरम राखेच्या डब्यात पुरून दिवसभर विसरून जायचा. हे विसरणंच सगळ्यात अवघड. पहिल्या वर्षी त्या तासातासाला राख उकरून बघत आणि मणी टचकन फुटत. आता त्या उकरत नव्हत्या. तरी मणी फुटत होते, आणि तेही राखेतून धड निघाल्यावर, डबीत कापसावर ठेवल्यावर.

घरात दुसरं माणूस एकच होतं. वन्सं.

यजमानांची ही धाकटी बहीण. टेलिफोनच्या कचेरीत तिने जन्मभर लोकांची बोलणी एकमेकांना जोडून दिली आणि त्यातलं अक्षर कधी बाहेर सांगितलं नाही. भाऊ गेला तेव्हा पंधरा दिवसांसाठी म्हणून आली, त्याला एकोणीस महिने झाले. दोघी एकमेकींना अजून ‘तुम्ही’ म्हणत. वन्सं पहाटे पाचला रेडिओ लावत. वहिनींना आठपर्यंत माणसाचा आवाज नको असे. वहिनींची पातेली उतरंडीने लागत. वन्संच्या हातून गेलेलं पातेलं जिथे मन रमेल तिथे राही. भांडण मात्र एकदाही झालं नव्हतं, आणि तीच गोष्ट वहिनींना बरी वाटत नव्हती.

कारण मणी होत त्याच खोलीतल्या कपाटात, वरच्या खणात, घराचे कागद होते. सासऱ्यांनी घर दोघा भावंडांच्या नावावर केलं होतं. वाटणीचा विषय वहिनींनी काढला नव्हता, वन्संनीही काढला नव्हता, आणि तो न काढलेला विषय रोज दोघींच्या मध्ये पान मांडून जेवायला बसे.

मुलीने फोनवर त्याला वाचा फोडली होती.

“आई, पंधरा दिवसांसाठी येणारा माणूस स्वतःची जागा भाड्याने देतो का? आत्या वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण कागद कुठे आहेत ते बघून ठेव.”

तेव्हापासून वहिनींच्या मनात जी पाल चुकचुकली ती गप्प बसेना. एकदा डबीच्या झाकणाला बामाचा वास आला. बाम वन्संच लावत. एकदा खोलीतली खुर्ची दोन बोटं सरकलेली होती. वन्सं कागद शोधताना टेबलावर हात टेकत असणार, डबी पडत असणार, आणि पुन्हा जागेवर ठेवली की झालं.

बुधवारी वहिनींनी आपले दोन केस घेतले. एक डबीच्या झाकणावर आडवा चिकटवला, दुसरा कपाटाच्या खणाच्या फटीवर. मग वाचनालयात जाते असं वन्संना सांगून त्या बाहेर पडल्या आणि दोन तास कोपऱ्यावरच्या बाकावर पुस्तक मिटून बसल्या. आपण काय करतो आहोत हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. म्हणूनच घरी परतताना त्यांनी चपला सावकाश काढल्या.

खणावरचा केस तुटला होता.

डबीवरचा मात्र जसाच्या तसा होता. त्यांनी तो सोडवला, झाकण उघडलं. आत दोन मणी तडकलेले होते.

वहिनी खुर्चीत बसल्या. डबीला कुणी हात लावला नव्हता, म्हणजे मणी आपले आपण फुटले होते. त्यांनी वही पहिल्या पानापासून वाचायला घेतली. फुटलेल्या प्रत्येक मण्यावर पांढरा ठिपका होता. बिनठिपक्याचा एकही फुटला नव्हता. आणि तडा तरी कसा, ठिपक्याला वळसा घालून गेलेला! पडलेल्या वस्तूचा टवका उडतो, तिला असं वळण पडत नाही. इतकी वर्षं दुसऱ्यांचे नमुने तपासताना त्यांनी निष्कर्ष आधी आणि निरीक्षण मग असं कधी केलं नव्हतं. घरात मात्र साप साप म्हणून भुई धोपटत बसल्या होत्या.

बरणीतल्या सगळ्या पांढऱ्या कांड्या त्यांनी टेबलावर ओतल्या. उजेडात धरल्यावर दिसलं, की दोन दुधासारख्या होत्या आणि नऊ किंचित निळसर. या नऊ कांड्या त्यांनी विकत घेतलेल्याच नव्हत्या.

एक जुनी पांढरी आणि एक निळी शेजारी शेजारी धरून त्यांनी टोकं वितळवली, एकजीव केली आणि ओढून लांब तार काढली. तार निवली, सरळच राहिली. मग निळीबरोबर नवी पांढरी घेतली. ही तार निवता निवता एका अंगाला वाकत गेली आणि भुवईसारखी होऊन थांबली.

शेवटी त्यांनी निव्वळ नव्या पांढऱ्या काचेचा एक मणी केला, राखेत पुरला आणि शनिवारपर्यंत थांबल्या. मणी अखंड राहिला.

शनिवारी दुपारी वन्सं स्वयंपाकघरात मटार सोलत होत्या. दाण्यांपेक्षा सालं जास्त पसरलेली होती. वहिनी समोर बसल्या.

“बरणीत पांढऱ्या कांड्या तुम्ही ठेवल्यात, वन्सं?”

“मग काय त्या उगवल्या?” वन्संनी मान वर केली नाही. “तुम्ही तापाने पडला होतात तेव्हा. दोनच उरल्या होत्या. म्हटलं, उठाल आणि पांढऱ्यासाठी अडून बसाल. दुकानदार म्हणाला, काच ती काच.”

“मला सांगायचं तरी.”

“सांगितलं असतं तर आधी कारखान्याचं नाव विचारलं असतंत. मग म्हणाला असतात, राहू दे, वन्सं.”

वहिनींनी एक शेंग उचलली, सोलली, दाणे भांड्यात टाकले.

“आणि खण?”

वन्संचे हात थांबले.

“माझ्या जागेचा करार त्यात ठेवलाय, तुमच्याच सांगण्यावरून. भाडेकरू महिनाअखेर जागा सोडतोय. तारीख बघायची होती.” मग त्या जराशा हसल्या. “केस दिसला मला. माझे कापलेले, तेव्हा तुमचाच. एवढा लांब केस उगाच वाया घालवलात. विचारलं असतंत तर खण उघडून दाखवला असता.”

“दिसला, तरी उघडलात?”

“उघडला. म्हटलं, आता तारीख बघायलाच हवी. निघायची वेळ झाली म्हणायची.”

बाहेर कुणाची तरी सायकल कुरकुरत गेली. वहिनी उठल्या, मागच्या खोलीत गेल्या आणि दोरा घेऊन परत आल्या. दोऱ्यात दोनच मणी होते, एक जुन्या निळ्या काचेचा, एक नव्या पांढऱ्या. त्यांनी तो वन्संच्या पुढ्यात सालांच्या ढिगाशेजारी ठेवला.

“तुमची काच चांगली आहे,” त्या म्हणाल्या. “माझीही चांगली आहे. एकीत एक वितळवली की मणी फुटतात. निवताना एक जास्त आकसते, एक कमी.”

वन्संनी ओल्या बोटांनी दोरा उचलून मणी एकमेकांवर आपटून पाहिले. बारीक आवाज झाला. काही फुटलं नाही.

“मग आता?” त्यांनी विचारलं. आवाज टेलिफोनवरच्यासारखा सपाट होता, पण दोरा त्यांनी खाली ठेवला नव्हता.

वहिनींनी मागच्या खोलीच्या भिंतीकडे पाहिलं. टेबल पुढच्या पडवीत बसेल का, याचं माप त्यांनी काल रात्री जेवणानंतरच घेऊन ठेवलं होतं. एकोणीस महिने न बोललेलं वाक्य जितकं मोठं वाटत होतं तितकं ते नव्हतं.

“तुमची जागा दुसऱ्या कुणाला तरी द्या,” त्या म्हणाल्या. “मागच्या खोलीला बाहेरून दार काढू. तुमची चूल तिकडे, माझी इकडे. रेडिओ पाचला लावा नाहीतर चारला. निम्मं घर तुमचं आहे, वन्सं.”