लामदुआनची वाक्यं

"दोघांची वाक्यं एकटा कशी म्हणशील रे? सिनेमाला आवाज देणारी शहरातली ती दुसरी बाई बोलवू या," मुखिया तिसऱ्यांदा म्हणाला. बूनसोंग माईकच्या वायरला चिकटपट्टी गुंडाळत होता. त्याने मानही वर केली नाही.

"माझ्या बायकोच्या पेटीपुढे परकी बाई बोलणार नाही. मीच म्हणेन."

अग्नी द्यायच्या आदल्या संध्याकाळी मंदिराच्या आवारात, शवपेटीपुढे सिनेमा दाखवायचा, ही थायलंडातल्या नाखोन सावनकडची रीत. सिनेमे बँकॉकहून मुकेच यायचे. आवाज ज्याने त्याने आपापल्या जिल्ह्यात, मशीनशेजारी बसून द्यायचा. नायक, खलनायक, पोलीस आणि कुत्री बूनसोंगची. नायिका, आया, भुतं आणि रडकी पोरं लामदुआनची. एकोणीस वर्षं हा संसार एका माईकवर चालला. घरी मात्र बाई फारसं बोलायची नाही. घसा कामाचा आहे, तुमच्यावर कशाला झिजवू, असं म्हणून नवऱ्याला गप्प बसवायची.

तिचा लाडका सिनेमा विलाई या नटीचा, आणि आज तोच लावायचा होता. या विलाईला सारा देश ओळखत होता, पण तिचा खरा आवाज इथल्या प्रेक्षकांपैकी कुणी ऐकलेला नव्हता. या जिल्ह्यापुरता विलाईचा आवाज म्हणजे लामदुआनचा आवाज.

पाचच्या सुमाराला एक मोटार आली. चष्मा लावलेली, काळ्या साध्या कपड्यांतली एक बाई पेटीपुढे उदबत्ती लावून गुडघ्यांवर बसली. तोंडाला रंग नसल्यामुळे तिला कुणी ओळखलं नाही. बूनसोंगने ओळखलं. एकदा जाहिरातीच्या दौऱ्यावर, मोटारीतून लोकांना नुसता हात हलवत आलेली असताना विलाई त्यांच्याकडे मासळीचा रस्सा जेवून गेली होती. मागे कुठेतरी बसते, माझं नाव घेऊ नका, एवढंच ती त्याला म्हणाली.

भिक्षूंचं पठण आटोपलं, पडदा उजळला. पहिलं रीळ नीट गेलं. त्यात मारामारीच जास्त होती. मग धक्क्यावर नावेत चढताना नायकाने विचारलं, "थांबशील ना माझ्यासाठी?" ते म्हणून बूनसोंगने सवयीने माईक डावीकडे सरकवला. डावीकडची चटई रिकामी होती. पडद्यावर विलाईचे ओठ हलले. वाक्य त्याला तोंडपाठ होतं, तरी ते घशाबाहेर येईना. आलं ते रडू, आणि माईकने ते आवारभर ऐकवलं.

तेवढ्यात ती काळ्या कपड्यांतली बाई पुढे आली. तिने चटईवर बसून माईक घेतला आणि स्वतःचं वाक्य स्वतः म्हटलं, "थांबेन. पण फार उशीर करू नकोस." आवाज जाडाभरडा, खेडवळ हेलाचा होता.

गर्दीत चुळबुळ झाली. पुढच्या रांगेतली एक म्हातारी करवादली, "कोण गं तू? विलाईचा आवाज असा नाही. ठेव तो माईक खाली."

वर पडद्यावर विलाई सुंदर रडत होती आणि खाली विलाईला गप्प बसवलं जात होतं. बूनसोंग सांगायला उठणार, तोच तिने त्याचा हात दाबला.

"खरंच बोलतायत त्या, दादा," ती हळूच म्हणाली. "तुम्ही तुमचं म्हणा. लामदुआनताईचं तिचंच राहू द्या."

बूनसोंगने डोळे पुसले आणि पुढचं वाक्य घेतलं. नायक बोलला की तो बोले. नायिकेचे ओठ हलले की थांबे, आणि तेवढा वेळ नुसती मशीनची घरघर चाले. तीन गावांची माणसं. एरवी चित्राला जरा आवाज चुकला की शिव्या घालणारी. आज ती सगळी चिडीचूप बसली होती. म्हातारीचे ओठ हलत होते, पण आवाज तिनेही काढला नाही.

शेवटच्या प्रसंगात नायिका दोन मिनिटं एकटीच बोलते. ती दोन मिनिटं आवारातलं एकही माणूस उठलं नाही. बूनसोंगला त्यातला शब्द न् शब्द ऐकू आला.